टीवायबीएस्सीला जाताय? जूनमध्येच वाचून ठेवा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसस्टँडवर अकरावीत सोबत असलेली मैत्रीण भेटली. तिने विचारलं, "जॅमचा फॉर्म भरलास ना?" मी म्हटलं, "कसला जॅम?" ती आधी हसली आणि मग गप्प झाली. जॅम म्हणजे आयआयटी वगैरे ठिकाणी एमएस्सीला जायची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, आणि तिच्या फॉर्मची मुदत ऑक्टोबरातच संपली होती. फॉर्म उघडा होता त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मी काय करत होते? रंगीत पेन्सिलींनी बॅक्टेरियाच्या आकृत्या काढून जर्नल सजवत होते. एक वर्ष गेलं ते तिथेच.

कॉलेजचं वर्ष जूनला सुरू होतं आणि एप्रिल-मेमध्ये संपतं. पुढच्या शिक्षणाचं आणखी एक वर्ष त्याच्या पोटात चालू असतं, पण त्याची घंटा वर्गात वाजत नाही. हा लेख त्या दुसऱ्या वर्षासाठी आहे. मी मायक्रोबायोलॉजीची, त्यामुळे उदाहरणं तिथलीच जास्त येतील. बॉटनी, झूऑलॉजी, बायोटेक, बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी आपल्या विषयाप्रमाणे बदल करून घ्यावा. तारखा आणि कागद सगळ्यांना सारखेच.

१. आधी भिंतीवर तारखा लावा

तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात, त्यामुळे अधिकृत वेबसाइट पाहायचीच. साधारण क्रम मात्र असा असतो:

- जून-जुलै: कागदपत्रं गोळा करणं, नावातल्या चुका दुरुस्त करणं
- ऑगस्ट: प्रोजेक्टचा विषय आणि गाइड पक्के करणं
- सप्टेंबर ते ऑक्टोबर: जॅमचा फॉर्म
- सप्टेंबर ते नोव्हेंबर: देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचा (सुट्टीत एखाद्या लॅबमध्ये काम करायची संधी) अर्ज
- डिसेंबर: टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि एनसीबीएस (तिचंच बंगळुरूचं जीवशास्त्र केंद्र) यांची जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा (थेट पीएचडी किंवा एमएस्सी-पीएचडी करायची असेल तर)
- फेब्रुवारी: जॅमची परीक्षा
- मार्चच्या आसपास: सीयूईटी-पीजी (केंद्रीय विद्यापीठांतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा)
- एप्रिल-मेच्या आसपास: गॅट-बी (बायोटेकच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा)

यातली मेख अशी की सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे नेमका इंटर्नल्स, सबमिशन, गणपती आणि नवरात्र यांचा काळ. तेव्हा "फॉर्म दिवाळीत भरू" असं वाटतं. दिवाळीत फॉर्म उघडा नसतो.

एसवायचे कोणी वाचत असतील तर उन्हाळी फेलोशिपचा अर्ज तुम्ही याच वर्षी करा. येत्या उन्हाळ्याची निवड आदल्या पावसाळ्याअखेरच सुरू होते. मी ते टीवायच्या मार्चमध्ये शोधायला बसले.

२. तीन वर्षं की चार?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा प्रश्न आता टीवायच्या मधोमध येतो. सहा सत्रं करून पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. ऑनर्समध्येही दोन वाटा आहेत, एक साधी आणि दुसरी 'संशोधनासह'. संशोधनाच्या वाटेला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. चार वर्षं केलीत तर पुढचं एमएस्सी एका वर्षाचं होऊ शकतं. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर पीएचडीच्या प्रवेशासाठी थेट अर्जही करता येतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत तशी तरतूद आहे, आणि आरक्षित गटांना त्यात सवलत आहे.

कागदावर चौथं वर्ष आकर्षक दिसतं. माझा सल्ला मात्र असा की आधी आपल्या कॉलेजची लॅब बघून या. चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प तिथेच व्हायचा आहे. लॅमिनार (जंतुविरहित हवेत काम करायचं कपाट) चालू आहे का? इन्क्युबेटरचं तापमान खरंच ३७ वर राहतं का? पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं) वापरात आहे की कपाटात ठेवलंय? संशोधन करणारे किती प्राध्यापक आहेत? उत्तरं नाराज करणारी असतील तर तीन वर्षांनी बाहेर पडून चांगल्या ठिकाणी दोन वर्षांचं एमएस्सी करणं बरं.

३. कागदपत्रं: इथे सर्वांत जास्त मुलं अडकतात

एक फाइल करा आणि फोनवर एक फोल्डर. लागणारे कागद असे:

- दहावी-बारावीची गुणपत्रकं
- झालेल्या सगळ्या सत्रांची गुणपत्रकं (बॅकलॉग निघालेला असेल तर दोन्ही प्रती)
- आधार आणि आणखी एक फोटो-ओळखपत्र
- एबीसी आयडी (आपली क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक)
- बोनाफाइड
- जातीचा दाखला, लागू असेल तर जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस
- पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आणि कोऱ्या कागदावरची सही, दोन्ही जेपीईजीमध्ये

पहिला सापळा नावाचा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं, तर आधारवर उलटं. कुणाच्या आधारवर मधलं नावच नसतं. केंद्राच्या परीक्षांचे फॉर्म 'ओळखपत्रावर आहे तसं नाव' मागतात आणि तिथे एका अक्षराचाही फरक त्रास देतो. माझ्या एका वर्गमित्राच्या आडनावातली दीर्घ ई इंग्रजीत एका कागदावर 'ee' अशी होती, दुसऱ्यावर 'i'. आधार दुरुस्तीला त्याचे तीन आठवडे गेले.

दुसरा सापळा जास्त महागात पडतो. ओबीसी नॉन-क्रीमी लेयरचा राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा. तुमच्याकडे कॉलेजच्या प्रवेशासाठी काढलेला असतो तो राज्याचा. आयआयटी किंवा केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातला, त्या आर्थिक वर्षातला लागतो. सेतूत गेलात की "सेंट्रलचा पाहिजे" हे शब्द स्पष्ट म्हणा, नाहीतर सवयीने राज्याचाच देतात. शिवाय व्हीजे, एनटी, एसबीसी हे आपले गट केंद्राच्या फॉर्मात नसतात. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत कशी नोंदवली आहे ते बघून मगच रकाना भरा.

४. प्रॅक्टिकल हाताने करा, ग्रुपमध्ये उभं राहून नाही

चार जणांचा ग्रुप असतो. एक जण करतो, एक लिहितो, दोघं बघतात. एफवाय-एसवायला मी कायम लिहिणारी, कारण अक्षर चांगलं. टीवायला मात्र हट्टाने पिपेट (द्रव मोजून घ्यायचं साधन) हातात घ्या. एमएस्सीच्या पहिल्या आठवड्यात कुणी तुमचं अक्षर विचारत नाही.

मायक्रोपिपेटपासून सुरू करा. खिडकीत तीन आकडे दिसतात. समजा १-०-५ दिसतंय. २० मायक्रोलिटरच्या पिपेटवर याचा अर्थ १०.५, आणि २०० च्या पिपेटवर तेच आकडे म्हणजे १०५. आकडे तेच, पण द्रव दहापट. बटणाला दोन थांबे असतात. घेताना पहिल्या थांब्यापर्यंत दाबून मग टोक द्रवात बुडवायचं आणि हळू सोडायचं. टाकताना दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचं. घेतानाच दुसऱ्यापर्यंत दाबलंत तर जास्त द्रव येतो, आणि हे नवख्यांपैकी निम्मे जण करतात. साधी चाचणी आहे: वजनकाट्यावर पाणी टाकून बघा. १०० मायक्रोलिटर पाणी साधारण ०.१ ग्रॅम भरायला हवं. पाच वेळा करा आणि आकडे लिहून ठेवा. आपला हात किती खरा आहे ते लगेच कळतं.

आता जेलची गोष्ट. आमच्याकडे ॲगरोज जेल (विजेच्या प्रवाहाने डीएनएचे तुकडे वेगळे करायचा प्रयोग) वर्षातून एकदाच व्हायचं, म्हणून सगळे जमले होते. मी जेलच्या खाचांत सॅम्पल भरले, झाकण लावलं, वायर जोडल्या, इलेक्ट्रोडवर बुडबुडे यायला लागले. झालं म्हणत आम्ही चहाला गेलो. चाळीस मिनिटांनी परत आलो तर जेल कोरं. निळा डाय कुठेच नाही. वायर उलट्या लावल्या होत्या. डीएनए ऋणभारित असतो, तो धन बाजूकडे म्हणजे लाल वायरकडे पळतो. खाचा लाल बाजूला होत्या, त्यामुळे आमचा डीएनए जेलमध्ये न जाता मागच्या मागे बफरमध्ये, म्हणजे भोवतीच्या द्रावणात, निघून गेला. तेव्हापासून मी वायर लावल्यावर पाच मिनिटं तिथेच उभी राहते. निळी रेघ खाचेतून पुढे सरकली की मगच चहा.

ती फजिती मी जर्नलमध्ये लिहिली नाही. सगळ्यांचं छान आलेलं 'ऑब्झर्व्हेशन' उतरवलं. ही सवय टीवायलाच मोडा. सर्टिफाय करायचं जर्नल ठेवाच, त्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. त्याच्या जोडीला दोनशे पानी एक साधी वही मात्र स्वतःसाठी ठेवा. तारीख, काय केलं, काय चुकलं, बाटलीवरचा लॉट नंबर, सगळं त्याच दिवशी पेनने. खाडाखोड चालेल. पुढे मुलाखतीत मला या वहीतल्याच गोष्टी विचारल्या गेल्या.

झूऑलॉजीवाल्यांसाठी एक ओळ: २०१४ च्या यूजीसीच्या सूचनेनंतर विच्छेदन बंद आहे. सीनियरच्या जुन्या जर्नलमधून झुरळ-बेडकाच्या आकृत्या उतरवत बसण्याआधी सध्याचा अभ्यासक्रम बघा.

५. प्रोजेक्ट: तुळस आणि कडुनिंब जरा बाजूला ठेवा

दरवर्षी दर कॉलेजात कुणीतरी 'अमुक पानांच्या अर्काची जिवाणूरोधक क्षमता' करतंच. तुळस, कडुनिंब, हळद, आलं. विषयाला माझा राग नाही. राग आहे तो करण्याच्या पद्धतीवर. पानं इथेनॉलमध्ये भिजवतात, अर्क प्लेटवरच्या खड्ड्यात घालतात, दुसऱ्या दिवशी भोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं आणि सगळे खूश. पण इथेनॉल स्वतःच जिवाणू मारतं! शेजारच्या खड्ड्यात नुसतं इथेनॉल घातलं नसेल तर ते वर्तुळ कुणाचं, पानाचं की इथेनॉलचं, हे सांगताच येत नाही. बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो.

तरीही हाच विषय घ्यायचा असेल तर एवढं करा:

- नुसत्या द्रावकाचा (म्हणजे इथेनॉलचा) खड्डा आणि माहीत असलेल्या अँटिबायोटिकची डिस्क, दोन्ही प्रत्येक प्लेटवर
- प्रत्येक चाचणी किमान तीनदा
- पसरवायच्या जिवाणूंचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या ठरलेल्या मापाशी जुळवून (म्हणजे दर मिलीलिटरला साधारण १.५ × १०⁸ पेशी)
- म्युलर-हिंटन अगर (जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) सगळ्या प्लेटमध्ये सारख्या, सुमारे ४ मिलिमीटर जाडीचं, कारण जाडी बदलली की वर्तुळही बदलतं

याहून सोपा आणि माझ्या आवडीचा मार्ग म्हणजे गावातली माती. स्फुरद विरघळवणारे जिवाणू पिकोव्हस्काया अगरवर वाढवले की वसाहतीभोवती (जिवाणूंच्या ठिपक्याभोवती) पारदर्शक कडा दिसते. ऊस, सोयाबीन आणि पडीक अशा तीन शेतांची माती आणून तुलना केलीत तर खर्च थोडा आणि प्रश्न स्वतःचा. शेतही घरचंच असतं, तीच माती तीन वेळा आणता येते.

मोजणीत मात्र एक चूक हमखास होते. समजा १ ग्रॅम माती ९ मिली पाण्यात घालून पुढे १०⁻⁵ पर्यंत पातळ केली, त्यातलं ०.१ मिली प्लेटवर पसरलं आणि ४८ वसाहती आल्या. उत्तर ४८ × १०⁵ नाही. ०.१ मिलीच घेतलंय, म्हणून आणखी दहाने गुणायचं: ४.८ × १०⁷ प्रति ग्रॅम. वसाहती ३० ते ३०० च्या मधल्या असतील तीच प्लेट मोजायची. चार वसाहतींवरून गणित मांडू नका, आणि सातशे मोजत डोळेही फोडू नका.

विषय ठरण्याआधी दोन-तीन शोधनिबंध वाचा. पबमेड या जीवशास्त्र-वैद्यकाच्या निबंधांच्या साइटवर शोध फुकट आहे, आणि बरेच निबंध पूर्ण वाचायला मिळतात. पहिल्या पानापासून वाचायला गेलात तर तिसऱ्या परिच्छेदात झोप येते. मी आधी आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी वाचते, मग पद्धती, मग उरलेलं. न कळलेला शब्द दिसला की वहीत लिहायचा. पहिल्या निबंधाला मला चार दिवस लागले होते.

६. बाहेरच्या लॅबला मेल कशी करायची

पुण्यात आयसर, एनसीसीएस (पेशीविज्ञान), एनसीएल (रसायन), आघारकर संस्था, मुंबईत टीआयएफआर आणि राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था, खारघरला ॲक्ट्रेक (कर्करोग), नागपूरला नीरी (पर्यावरण), गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. यांतल्या बऱ्याच जागा आपल्याकडच्या मुलांना फक्त बसमधून बाहेरून दिसतात. आत जायची वाट म्हणजे नीट लिहिलेली एक मेल.

मी पहिल्यांदा बत्तीस जणांना एकच मेल पाठवली. एका मॅडमना 'डिअर सर' गेलं. उत्तर शून्य. दुसऱ्यांदा फक्त सहा जणांना पाठवली. प्रत्येकीत त्यांच्या एका निबंधातली एक आकृती, त्यावर मला पडलेला एक प्रश्न, मला काय करता येतं (माती, प्लेटिंग, ग्रॅम स्टेनिंग, एवढंच, खोटं नाही) आणि मी कोणत्या तारखेपासून किती आठवडे येऊ शकते. दहा-बारा ओळी आणि सोबत एक पानी माहितीपत्र. दोन उत्तरं आली, त्यांतलं एक 'जागा नाही' असं होतं. दुसऱ्या उत्तराने माझं काम झालं. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करायची. तिसऱ्यांदा नको.

अकादम्यांच्या फेलोशिपला शिक्षकांचं शिफारसपत्र ऑनलाइन जावं लागतं. अर्ज तुम्ही भरता, पण सरांची बाजू रिकामी राहिली तर तो अपुराच. सरांना निदान दोन आठवडे आधी सांगा आणि शेवटच्या तारखेआधी एकदा हळूच विचारा. सर विसरतात, त्यांच्याकडे तपासायचे गठ्ठे असतात.

आणि हा सापळा मोठा आहे: पैसे भरून मिळणारी 'इंटर्नशिप'. व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरतं, सात दिवसांत दहा तंत्रं आणि वर सर्टिफिकेट. मी एकदा भरले होते. पंचवीस जणांनी मिळून एक पीसीआर बघितलं, कुणाच्याही हातात पिपेट आलं नाही, फोटो मात्र सगळ्यांचे निघाले. सहाव्या सत्राच्या ओजेटीसाठी (कामाच्या जागी घ्यायचं प्रशिक्षण) अशा ठिकाणी पैसे घालण्याआधी जवळची डेअरी, पॅथॉलॉजी लॅब, जैविक खतांचं युनिट किंवा साखर कारखान्याची प्रयोगशाळा विचारून बघा. कारखान्याच्या लॅबमध्ये रोज खरे सॅम्पल येतात, आणि तिथले केमिस्ट काका प्रश्न विचारणाऱ्या पोरांवर खूश असतात.

७. जॅम आणि गॅट-बीचा अभ्यास

आपल्या विषयांची मुलं जॅमला बायोटेक्नॉलॉजीचा पेपर देतात. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. त्यातले ३० साधे बहुपर्यायी, १० असे की ज्यांत एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात, आणि २० आकडा लिहायचे. चुकीला गुण कापतात ते फक्त पहिल्या प्रकारात, एक तृतीयांश. म्हणजे आकड्याचा प्रश्न कोरा सोडण्यात काहीच फायदा नाही.

गॅट-बीही तीन तासांची. अ भागात ६० प्रश्न, सगळे सोडवायचे, बारावीच्या पातळीचे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी. ब भागात १०० पैकी ६० सोडवायचे, प्रत्येकी ३ गुण. चुकीला अ भागात अर्धा गुण जातो, ब भागात एक. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या एमएस्सी अभ्यासक्रमांचे प्रवेश हिच्यावर होतात.

दोन्हींत एक गोष्ट समान आहे: बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित. आपण बायोलॉजी घेतली तीच मुळी गणित सुटावं म्हणून! जॅमच्या या पेपरातही ते असतं. काही संस्थांच्या पात्रतेत बारावीचं गणितही मागितलेलं असतं, तेव्हा संस्थेची अट आधी वाचा. रोज अर्धा तास बारावीचं पुस्तक उघडा. लॉगरिदम, संभाव्यता, पीएच, द्रावणांची तीव्रता यांपासून सुरुवात करा.

आकडेमोड टीवायच्या प्रॅक्टिकललाही लागते. काय-स्क्वेअर, म्हणजे आलेले आकडे अपेक्षेशी जुळतात का ते तपासायची चाचणी, घ्या. १२० रोपांत ८४ उंच आणि ३६ बुटकी आली, अपेक्षा ३:१ म्हणजे ९० आणि ३०. फरक दोन्हीकडे ६, त्याचा वर्ग ३६. ३६ भागिले ९० म्हणजे ०.४, ३६ भागिले ३० म्हणजे १.२, बेरीज १.६. तक्त्यातला आकडा ३.८४, आपला त्याहून कमी, म्हणून ३:१ नाकारता येत नाही. 'सिद्ध झालं' असं लिहू नका. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) याच शब्दावर पकडतात.

क्लास लावायचा का? मी लावला नव्हता. मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जॅमच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. त्या घड्याळ लावून सोडवा आणि चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही करा.

८. निकाल लागल्यावर

दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर टीसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल. मायग्रेशन विद्यापीठातून येतं, त्याला वेळ लागतो, म्हणून निकालाच्या आठवड्यातच अर्ज टाका. गुणपत्रकं, टीसी आणि जातीचे दाखले यांच्या पाच-पाच साक्षांकित झेरॉक्स काढून ठेवा. मूळ टीसी एकदा दिला की परत मिळत नाही, तेव्हा देण्याआधी रंगीत स्कॅन करा. ऑफिसच्या खिडकीवर जाताना फोटो, पेन आणि फेविस्टिक सोबत न्या. तिथे हे तिन्ही कधीच नसतं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी नंबर लागला नाही तर दुपारी तीनला या म्हणतात.